टिटवीच्या पिल्लाचं चित्रपुस्तक: पहिल्या निरीक्षणापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

माझ्या पहिल्या चित्रपुस्तकात टिटवी पिल्लाच्या चोचीत अळी भरवत होती. चित्र मला फार आवडलं होतं. बालवाचनालयात ते वाचून दाखवत होते, तेव्हा धाकट्या बहिणीला न्यायला आलेला सातवीतला एक मुलगा दारातूनच म्हणाला, "टिटवी नाय भरवत. पिल्लूच टिपतं." त्याच्या आजोबांच्या वावरात दर उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते. घरी येऊन पक्ष्यांची पुस्तकं काढली, तर पोरगं बरोबर होतं. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालू लागतात आणि पहिल्या दिवसापासून आपले किडे आपणच टिपतात. आईबाप वाट दाखवतात, ऊब देतात, धोका दिसला की आकाशपाताळ एक करतात. भरवत मात्र नाहीत. मी चिमणीची आई टिटवीच्या अंगात घातली होती.

ते पुस्तक मी पुन्हा केलं, पहिल्या पानापासून. ते करताना जे हाताशी लागलं ते इथे क्रमाने सांगते. तुम्ही शिक्षक असा, आईबाबा असा, वाचनालय चालवत असा किंवा नुसती चित्रं काढायची हौस असो. २४ पानांचं, चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचं एक पुस्तक यातून तयार व्हावं. उदाहरण टिटवीचंच घेते, कारण ती गावाबाहेरच्या कुठल्याही माळावर, तळ्याकाठी, पडक्या प्लॉटवर सापडते. बघायला अभयारण्यात जावं लागत नाही.

१. पिल्लू निवडताना आधी ते जगतं कसं, हे बघा

गोंडस कोण दिसतं यावरून प्राणी निवडला की गोष्ट फसते. पिल्लू वाचण्यासाठी काय करतं, यावर गोष्टीचा आकार ठरतो. माझ्या मते ढोबळ चार तऱ्हा आहेत.

पहिली, लपणारी पिल्लं. टिटवी यातली. इथे गोष्ट लपंडावाची होते आणि चित्रात शोधायला मजा येते.

दुसरी, संख्येवर जगणारी. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. परत येत नाही. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वाळू उकरून वर येतात आणि समुद्रावरच्या उजेडाच्या दिशेने सुटतात. किनाऱ्यावरचे दिवे त्यांना उलटीकडे नेतात ते याचमुळे. ही गोष्ट शर्यतीची आहे. मात्र लाटेत आई वाट बघत उभी आहे असं चित्र काढलंत की सगळं खोटं. कोकणात वेळाससारख्या गावांत ही अंडी कुंपणाच्या आत हलवून पिल्लं समुद्रात सोडतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने ते काम सुरू केलं आणि गावकऱ्यांनी ते आपलं मानलं. तेव्हा कासवाच्या पुस्तकात माणसं आली तर ती खरीच येतात.

तिसरी, शिकणारी पिल्लं. बिबट्या, लांडगा. बिबट्याची पिल्लं दीड-दोन वर्षं आईच्या मागे असतात. बाप त्यांना वाढवायला येत नाही. जुन्नरकडे उसाच्या फडात मादी विते आणि तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात. वनविभागाची माणसं ती पिल्लं सापडली तिथेच संध्याकाळी खोक्यात ठेवतात, आणि आई रात्री येऊन घेऊन जाते. यात गोष्ट आयतीच आहे, फक्त ती लहानांना भीती न घालता सांगायला हात कसलेला हवा. पहिल्या पुस्तकासाठी नको.

चौथी, अंगावर वाहिली जाणारी. विंचवाची पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर बसून असतात. या पुस्तकाला आया-आज्या आधी "शी!" करतील आणि पोरं मागून मागून वाचतील.

२. बघायला जा, पण जवळ जाऊ नका

टिटवीचा विणीचा हंगाम मुख्यतः मार्च ते ऑगस्ट. घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, भोवती खडे, मातीची ढेकळं, कधी शेळीच्या लेंड्या. अंडी बहुधा चार, साधारण ४ सेंटीमीटर लांब, मातकट रंगावर काळे डाग. तुम्ही ती शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. तुमचा पाय पडायचीच शक्यता जास्त. म्हणून अंडी शोधू नका, टिटवी शोधा. ती ओरडायला लागली की तुम्ही फार जवळ आहात, मागे फिरा. ती गप्प होऊन पुन्हा बसली की तुमचं अंतर बरोबर. तिथे सावली धरून बसा.

घरट्याचा जवळून फोटो काढायचा मोह टाळाच. तुम्ही पाच मिनिटं वाकून उभे राहिलात, तर तेवढी पाच मिनिटं अंडी भर उन्हात उघडी पडतात आणि वरून कावळा तुम्हाला बघत असतो. दुर्बीण असेल तर उत्तम. नसेल तर डोळे आणि वही पुरे.

वहीत काय लिहायचं? पक्ष्याचं वर्णन नको, ते पुस्तकात मिळतं. क्रिया लिहा. मी एका मे महिन्यात तीन सकाळी आणि एक दुपार बसले. दुपारच्या नोंदीत एकच ओळ कामाची निघाली: "एक उठली, डबक्यात बसली, ओल्या पोटाने परत, दुसरी उठली." टिटव्या पोटाची पिसं भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात, तापलेल्या मुरमावर अंडी थंड ठेवायची त्यांची ही रीत. नर आणि मादी दोघंही अंड्यांवर बसतात, आळीपाळीने. या एका ओळीवर माझं एक अख्खं जोडपान (पुस्तक उघडलं की समोरासमोर येणारी दोन पानं) उभं राहिलं.

ज्यांचं त्या माळावर रोजचं येणंजाणं आहे त्यांना विचारा. मेंढपाळ, शेतकरी, सकाळी फिरायला येणारे. त्यांच्याकडून दंतकथाही मिळतील: टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर झेलायला, रात्री ती ओरडली की अशुभ. हे सगळं टिपून ठेवा, गोष्टीत मात्र घालू नका. अशुभाचं ओझं त्या पक्ष्याने आधीच पुष्कळ वाहिलंय.

३. खरं-खोटं तपासायचा कागद

गोष्ट लिहायच्या आधी एका कागदावर इतक्या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. पिल्लं किती? डोळे उघडे घेऊन येतात की मिटलेले? भरवतं कोण? आई किती दिवस सोबत असते, बाप असतो का? शत्रू कोण, आणि तो दिवसा येतो की रात्री? पिल्लाचा रंग मोठ्यांसारखा आहे का? ऋतू कोणता?

टिटवीचा कागद असा दिसतो. अंडी उबायला २८ ते ३० दिवस. पिल्लं डोळे उघडे, अंगावर लव, पाय लांब. पाठ करडी-तपकिरी आणि चितकबरी, पोट पांढरं, मानेमागे पांढरा पट्टा. मोठ्या टिटवीच्या डोळ्यापुढची लाल कातडी पिल्लाला नसते. ही माझी दुसरी चूक होती, मी चौघांनाही लाल टिळे लावले होते. शत्रू: कावळा, घार, मुंगूस, मोकाट कुत्री. धोक्याची हाक आली की पिल्लं आहेत तिथेच दबून बसतात. उडायला महिनाभराहून जास्त काळ लागतो. आणि टिटवी झाडावर बसत नाही. फांदीवर बसलेली टिटवी मी छापील पुस्तकांतही बघितली आहे.

या कागदातली एकही ओळ चुकली तर मुलं सोडत नाहीत, हे तुम्हाला सांगून झालंच आहे.

४. सांगाडा, आणि मरणाचं काय करायचं

या पायरीवर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले.

रानातल्या पिल्लांची गोष्ट म्हटली की दोन पळवाटा समोर येतात. एक, कुणालाच काही होत नाही. मुंगूस येतो, दमतो, जातो. दुसरी, एक चांगला मुलगा पिल्लू उचलून घरी नेतो, खोक्यात ठेवतो, दूध पाजतो. दुसरी पळवाट नुसती खोटी नाही, घातकी आहे. पक्ष्याच्या पिल्लाला दूध चालत नाही. आणि पुस्तक वाचून एखाद्या पोराने खरंच पिल्लू उचललं, तर ज्याला आईबाप होते असं पिल्लू आपण पोरकं केलं. दबून बसलेलं पिल्लू टाकून दिल्यासारखंच दिसतं. ते टाकलेलं नसतं, ते सांगितलेलं ऐकत असतं.

मग चार अंड्यांतून चार टिटव्या उडवायच्या का? जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याच्या घरी तसं फार क्वचित होतं. उलट, पाच वर्षांच्या मुलापुढे घारीच्या नखात पिल्लू लोंबकळताना दाखवायचं का? मला दोन्ही पटेना. शेवटी मी मोजणीचा मार्ग घेतला. मजकुरात मरणाचा शब्द नाही. घारीच्या चित्रापर्यंत चार पिल्लं आहेत, नंतरच्या प्रत्येक चित्रात तीन. ज्या मुलाला अजून ते बघायचं नाही, त्याच्या नजरेतून ते निसटतं. ज्याची तयारी आहे ते मोजतं, मागे जातं, पुन्हा मोजतं आणि मग विचारतं. विचारल्यावर खरं सांगायचं, एका वाक्यात: "घारीने नेलं." त्याला सजवायचं नाही, आणि "देवाघरी गेलं"ही नाही.

पिल्लाला नाव द्यायचं की नाही, यावर माणसं भांडतात. नाव दिलं की जीव लागतो, हे खरं. मी बारशाचं नाव दिलं नाही. सगळ्यात शेवटी फुटलेल्या अंड्यातल्या पिल्लाला 'शेंडेफळ' म्हटलं, आणि गोष्ट त्याच्या मागे नेली. मराठी घरात हा शब्द मुलांना आधीच ठाऊक असतो, बहुधा कुणाच्या तरी रडण्यावरून.

सांगाड्यासाठी एक साधा नियम पाळा: शेंडेफळ वाचतं ते त्याला स्वतःला जे येतं त्याच्या जोरावर. दबून बसणं, हाक ओळखणं, पळणं. योगायोगाने आलेला पाऊस, अचानक आलेला दयाळू हत्ती, यांना रजा द्या.

५. डमी करा, आजच

चित्रं सुरू करायच्या आधी कोरं पुस्तक हातात हवं. सहा ए-फोर कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. झाली २४ पानं. पेन्सिलीने पानांना नंबर घाला. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर श्रेयनामावली, तिसऱ्या एकट्या पानावर गोष्टीची सुरुवात. मग ४-५ पासून २२-२३ पर्यंत दहा जोडपानं. २४वं पान माहितीला. मुखपृष्ठाचा कागद वेगळा. २४ हा आकडा उगाच नाही: छापखान्यात पानं आठाच्या किंवा सोळाच्या पटीत बसतात. २६ पानांची गोष्ट लिहिलीत तर कागद वाया जातो.

आता दोन गोष्टी कागद हाताळल्याशिवाय कळत नाहीत. पहिली: पान उलटणं हा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा खेळ आहे. उत्कंठा उजव्या पानाच्या शेवटी हवी, उत्तर उलटल्यावर. दुसरी: मध्ये पिना मारलेल्या २४ पानी पुस्तकात १२-१३ हे एकच जोडपान सलग एका कागदावर येतं. बाकी सगळी जोडपानं दोन वेगळ्या कागदांची असतात आणि घडीत चित्र एखाद्या मिलिमीटरने सरकतं. म्हणून सगळ्यात रुंद चित्र १२-१३वर ठेवा. आणि बाकीच्या जोडपानांवर पिल्लाचं डोकं घडीत येऊ देऊ नका. माझ्या पहिल्या प्रतीत आईची मान घडीत गेली आणि तिला दोन चोची फुटल्या.

माझं वाटप असं झालं:

३: माळ. चार खडे? खडे नव्हेत.
४-५: दुपार, ओलं पोट.
६-७: अंड्याला चीर. एक, दोन, तीन फुटली; चौथं तसंच.
८-९: शेंडेफळ आलं. चौघं चालू लागली.
१०-११: टिपणं, धडपडणं. उजव्या पानाच्या कोपऱ्यात जमिनीवर एक सावली.
१२-१३: घार. पूर्ण माळ वरून दिसतो. चौघं दबलेली, शोधा म्हणजे सापडतील.
१४-१५: शांतता. तिघं उठतात.
१६-१७: मुंगूस. आईबाप त्याच्या डोक्यावरून झेपा घेतात.
१८-१९: रात्र, पंखाखाली.
२०-२१: पहिला पाऊस, गवत वाढलं, पिल्लंही वाढली.
२२-२३: उडणं.

१८-१९वर टिटवी बसलेली नाही, किंचित उभी आहे, पिसं फुलवून. खालून फक्त पाय दिसतात: दोन मोठे पिवळे आणि सहा बारके. आठ पाय. मुलं पायही मोजतात.

६. मजकूर: कमी, आणि मोठ्याने

एका जोडपानाला १५ ते २५ शब्द. सगळ्या पुस्तकात अडीचशेच्या वर जाऊ नका. चित्रात दिसतं ते शब्दांत सांगू नका. "आकाशात एक मोठी तपकिरी घार उडत होती" हे वाक्य घारीच्या चित्राशेजारी कशाला? माझ्या १२-१३ पानांवर एवढंच आहे:

"टिट्-टिट्-टिटिव!
दबा.
हलू नका.
डोळासुद्धा नाही."

आणि १४-१५वर:

"टिटिव... टिटिव...
आता उठा.
शेंडेफळ उठलं. पाय झटकले.
चला."

लिहिलेलं मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तिथे खूण करा. बोलीतले अनुस्वार ठेवा: पिल्लं, उठलं, गेलं. 'पिल्ले उठली' हे मुलाच्या कानाला पाठ्यपुस्तकासारखं लागतं. आवाजाच्या शब्दांत आपली भाषा गडगंज आहे. सळसळ, खुसखुस, टुणकन, भिरभिर. पण एका पानावर एकच. तीन आले की वरातीचा बँड होतो.

मराठीने एक सोय करून ठेवली आहे. पिल्लू 'ते' असतं, त्यामुळे मुलगा की मुलगी हा घोळ नाही, आणि ऐकणारं प्रत्येक मूल स्वतःला तिथे बसवू शकतं. अडचण उलट्या बाजूने येते: टिटवी स्त्रीलिंगी, मग बाप कसा सांगायचा? 'टिटवा' म्हणून बघितलं, पोरं हसली आणि गोष्ट बुडाली. शेवटी 'आई' आणि 'बाबा' एवढंच ठेवलं.

सहा वर्षांच्या मुलाने स्वतः वाचावं असं वाटत असेल तर जोडाक्षरं कमी करा. पूर्ण टाळायला गेलात तर पुस्तकात 'पिल्लू'च येणार नाही, तेव्हा अतिरेक नको.

मजकूर टाइप करताना ल आणि श यांच्याकडे लक्ष द्या. पुष्कळ फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली नाही तर हिंदी वळणाचे ल-श उमटतात. नुकतं अक्षर शिकलेलं मूल तिथेच थांबतं आणि विचारतं, हे काय आहे?

७. चित्रं: लपलेलं दिसायला हवं

टिटवीच्या पुस्तकाची गंमतीशीर अडचण अशी की पिल्लू मातीत मिसळून जायला हवं आणि मुलाला सापडायलाही हवं. पिल्लू भडक रंगवलं तर घारीला ते न दिसणं मुलांना पटत नाही. मी जमीन आणि पिल्लू एकाच तीन रंगांत रंगवलं आणि दोन खुणा दिल्या: काळा डोळा, आणि खड्यांच्या सावलीपेक्षा किंचित मऊ सावली. चार पिल्लांपैकी दोन पटकन सापडतात, तिसरं उशिरा, चौथ्यासाठी पुस्तक डोळ्यांशी न्यावं लागतं.

नजर पिल्लाच्या उंचीवर आणा. अंडंच चार सेंटीमीटरचं, त्यातून निघालेलं पिल्लू ते केवढं! त्याला खडी म्हणजे दगडांची रास, गवताची काडी म्हणजे खांब. आई पूर्ण चित्रात मावतच नाही. पिवळे पाय आणि वर पोट. फक्त १२-१३वर कॅमेरा वर जातो, घारीच्या डोळ्यांत. एकदाच. दोनदा केलं की धाक निघून जातो.

पापण्या, गालावर लाली, ओठांचं हसू, यांना माझा ठाम नकार आहे. पक्ष्याची भीती मानेत दिसते, पायांच्या कोनात दिसते, पिसं अंगाशी चिकटली की दिसते. वहीतली रेखाटनं इथे कामाला येतात. फोटो बघून काढत असाल तर एकाच फोटोवरून उतरवू नका. दुसऱ्याची मेहनत असते ती, आणि चित्रही गोठल्यासारखं होतं. पाच-सहा फोटो बघा, बाजूला ठेवा, मग काढा.

जागा खरी ठेवा. टिटवीभोवती घनदाट जंगल नको. मुरमाड माळ, बाभूळ, दूर विजेचा खांब, डबक्याकाठी प्लास्टिकची पिशवी. मी ती पिशवी आधी गाळली होती, नंतर परत घातली.

माध्यमाबद्दल फार सांगत नाही. जलरंग असोत, खडू असोत की टॅब्लेट, ज्यात तुमचा हात बसलाय ते घ्या.

८. कच्ची प्रत पोरांपुढे

रंगवण्याआधी पेन्सिलीची डमी वाचून दाखवा. निदान दोन वेगवेगळ्या गटांना, आणि त्यात तुमची स्वतःची मुलं नकोत. "आवडलं का?" विचारलंत तर "हो" एवढंच मिळेल. त्यापेक्षा बघत राहा: कुठल्या पानावर चुळबुळ सुरू झाली, कुठे मान पुढे आली, कुणी मागचं पान उलटलं. मग पुस्तक एकाच्या हातात द्या आणि त्याच्याकडून चित्रांवरून गोष्ट ऐका. जिथे त्याची गोष्ट तुमच्यापेक्षा वेगळी होते तिथे एकतर चित्र चुकलंय किंवा तो तुमच्यापेक्षा बरं सांगतोय.

माझ्या वाचनात १४-१५वर एक मुलगी म्हणाली, "चौथं कुठंय?" मी उत्तर द्यायच्या आत शेजारचा म्हणाला, "घारीलापण पिल्लं असतील ना." आणि सगळे पुढच्या पानाला तयार. मी तीन आठवडे ज्या पानावर अडले होते ते त्यांनी दहा सेकंदांत ओलांडलं. घारीच्या घरट्याचं एक बारीक चित्र मग मी २२-२३च्या कोपऱ्यात, विजेच्या खांबावर काढलं. बऱ्याच मोठ्यांना ते अजून दिसलेलं नाही.

एक मूल मात्र दुसऱ्या गटात रडलं. त्याला पुस्तक पुन्हा वाचायचं नव्हतं, आणि मी आग्रह केला नाही. दोन आठवड्यांनी स्वतःहून त्याने ते घरी नेलं.

पक्षी ओळखणाऱ्या एका माणसालाही डमी दाखवा. रंग भरून झाल्यावर चूक निघाली तर रडू तुम्हाला येतं.

९. चोविसावं पान

हे पान मोठ्यांसाठी आहे, म्हणून अक्षर बारीक चालेल. टिटवीबद्दल चार-पाच खऱ्या गोष्टी, पोट भिजवण्याची, झाडावर न बसण्याची. 'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण इथे शोभते. आजीला बोलायला धागा मिळतो.

आणि 'पिल्लू दिसलं तर' अशी एक चौकट घालाच. हात लावू नका. मागे सरका, आईबाप जवळच असतात. कुत्रं सोबत असेल तर धरून ठेवा. जखमी प्राणी किंवा बिबट्याची पिल्लं दिसली तर गर्दी न करता महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गोष्टीत उपदेश करायचा नाही म्हणून जे गिळलं, ते इथे सरळ सांगून टाकायचं.

१०. छपाई आणि शिलाई

वीस मुलांना दाखवायचं असेल तर ए-फाइव्ह पुस्तक मागच्या रांगेला दिसत नाही. ए-थ्री कागद दुमडून ए-फोर आकाराचं करा. चित्रं स्कॅन करताना रिझोल्यूशन ३०० डीपीआय ठेवा, आणि चित्र पानाच्या कडेबाहेर सगळीकडून ३ मिलिमीटर जास्त जाऊ द्या, म्हणजे कापताना पांढरी रेघ राहत नाही. मातकट रंग छापताना काळवंडतात. स्क्रीनवर छान दिसणारा माझा माळ पहिल्या प्रिंटमध्ये चिखल झाला. आधी १२-१३ हे एकच जोडपान छापून बघा, मग उजेड वाढवा.

पाच-पन्नास प्रती हव्या असतील तर डिजिटल प्रिंट पुरतं. ऑफसेटचा विचार शेकड्यांच्या पुढे. विकायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, घ्या. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. आणि कागदाशिवायही पोहोचवायचं असेल तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ आहे: तिथे गोष्ट खुल्या परवान्याखाली टाकता येते. ती कुणीही वाचू शकतो, दुसऱ्या भाषेत नेऊ शकतो, बदलूही शकतो. हे शेवटचं चालणार असेल तरच टाका.

शिलाई घरी जमते. घडीवर तीन भोकं टोचा, जाड सुती दोरा घ्या. मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर, आणि गाठ पाठीवर. पिना मारल्या तर वाचनालयातल्या प्रतीत १२-१३ हा कागद सगळ्यात आधी सुटतो, कारण चौथं पिल्लू शोधायला पुस्तक तिथेच ताणून उघडलं जातं. माझ्याकडच्या तीन प्रतींचं तेच झालंय. तिथे दोरा दुहेरी घ्या.